रूळ तडकला, हे आधी कोणी सांगायचे?

रुळात दोष दिसला तर गाडी अडवण्याचा अधिकार रेल्वेतील अगदी खालच्या पायरीवरच्या माणसालाही असतो. भारतीय रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांप्रमाणे रूळ, पूल, सिग्नल किंवा धावती गाडी यांत काही बिघडलेले आढळले की, कर्मचारी कोणत्याही खात्याचा असो, त्याने प्रथम अपघात टळेल अशी तजवीज करायची आणि जरूर असेल तेव्हा मिळेल त्या जलद साधनाने जवळच्या स्टेशनमास्तरला कळवायचे. साहेबाचा हुकूम येईपर्यंत वाट पाहावी, असे नियमात नाही.

रोजच्या व्यवहारात हा भार कीमनवर असतो. ठरवून दिलेला टप्पा तो रोज पायी तपासतो. जाताना एका रुळावर नजर, परतताना दुसऱ्या. निसटलेल्या क्लिपा ठोकून बसवणे, फिशप्लेटचे बोल्ट आवळणे, वेल्डिंगचे जोड पाहणे, खडी वाहून गेली असेल तर नोंद करणे, ही त्याची कामे. सोबत हातोडा, पाना, झेंड्या आणि फटाके. रूळ तुटलेला दिसला तर गाडी ज्या बाजूने येणार त्या दिशेने लाल झेंडी दाखवत पळायचे, ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधायचे. चाकाखाली ते फुटले की चालक गाडी थांबवतो. ठाण्यातील माजिवड्यात प्रस्तुत लेखकाच्या शेजारी राहणारे एक निवृत्त मुकादम या फटाक्यांचा विषय निघाला की हटकून सांगत, "कागदावर बाराशे मीटर सोपं आहे हो, खडीवरून पळून बघा."

डोळ्यांना न दिसणारे दोष ध्वनिलहरींच्या यंत्राने शोधतात. रुळाच्या पोटातील भेग धोकादायक ठरली तर तेवढा तुकडा तीन दिवसांत बदलावा लागतो आणि तोवर तिथे वेग उतरवला जातो. पण दोन तपासण्यांच्या मधल्या काळात रूळ काही थांबून राहत नाही. थंडीत पोलाद आकसते, जोडांवर ताण येतो आणि पहाटेच्या सुमारास रूळ तडकतात. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त वाढवतात. २९ डिसेंबर २०१६ रोजी पहाटे कल्याण आणि विठ्ठलवाडीच्या दरम्यान कुर्ला-अंबरनाथ लोकलचे पाच डबे घसरले. रूळ तडकल्याचाच प्राथमिक अंदाज तेव्हा व्यक्त झाला होता. सुदैवाने माणसे वाचली.

कीमन दिवसातून एकदा जातो, मोटरमन मात्र दर काही मिनिटांनी. एखाद्या जागी गाडीला नेहमीपेक्षा वेगळा धक्का बसला तर त्याने ती जागा स्टेशनमास्तर किंवा कंट्रोलला कळवायची असते. अशी खबर आल्यावर मागची गाडी तशीच सोडत नाहीत. तिच्या चालकाला कॉशन ऑर्डर मिळते, तो त्या जागी वेग कमी करतो आणि रूळ पाहायला पी-वेची, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या विभागाची, माणसे निघतात.

प्रवाशावर असे कोणतेही बंधन नाही. वास्तविक तोच धक्का रोज तोच प्रवासी, त्याच डब्यात, त्याच दारापाशी उभा राहून अनुभवत असतो. माजिवड्याला रेल्वे नाही. तिथली माणसे बस किंवा रिक्षाने ठाणे स्थानक गाठतात आणि पुढे लोकल पकडतात. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच एक. कल्याणकडे जाताना एका ठिकाणी डबा रोज एकाच बाजूला आपटू लागला, तेव्हा मुकादमांनी सुचवले की विजेच्या खांबावरचा क्रमांक पाहून ठेवा. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. मध्य रेल्वेवर ही मोजणी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून होते. दारातल्या गर्दीतून तो आकडा टिपणे हेच मोठे काम ठरले. पुढच्या स्थानकात कामावर असलेल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो मार्गाचा: स्लो की फास्ट, अप की डाऊन? उत्तर मिळताच त्याने फोन उचलला. पोच वगैरे काही मिळाली नाही. काही दिवसांनी त्या जागी वेगमर्यादेची पाटी दिसली, गाड्या सावकाश जाऊ लागल्या आणि नंतर धक्काही गेला. त्यामागे ही खबर होती की कीमनची नोंद, हे कळायला मार्ग नाही.

जबाबदारीचा प्रश्न ठाणेकरांपुढे सर्वांत ठळकपणे आला तो मुंब्र्यामुळे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा मृत्यू त्याच दिवशी जाहीर झाला. गाडी घसरली नव्हती, तरी तपास रुळाकडे वळला. काही दिवसांपूर्वी बदललेल्या रुळाचे वेल्डिंग झाले नव्हते, असा आरोप ठेवून लोहमार्ग पोलिसांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. रेल्वेचे म्हणणे वेगळे होते: लटकणाऱ्या प्रवाशाच्या पाठीवरची पिशवी. ६ नोव्हेंबरला कर्मचाऱ्यांनी गुन्ह्याच्या निषेधार्थ आंदोलन केले आणि संध्याकाळी ऐन गर्दीत लोकल खोळंबल्या.

आरोप खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील. कायदा मात्र आहेच: नियम मोडून किंवा हयगयीने प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याला १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १७५ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षेच्या या भीतीचा एक उलटा परिणामही संभवतो. दोषाची नोंद करणाऱ्याचीच नोंद उद्या त्याच्याविरुद्ध पुरावा ठरणार असेल, तर वहीत कमी लिहिण्याकडे कल होतो. म्हणून दोष कळवणे आणि दोष दडवणे यांना एका तागडीत तोलता कामा नये. ज्याने लिहून कळवले त्याला संरक्षण हवे, आणि ज्याच्या टेबलावर तो कागद पडून राहिला त्याला जाब.

लोकलने जाणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: नेहमीच्या मार्गावर नवा धक्का किंवा खडखडाट जाणवला तर खांबाचा क्रमांक, मार्ग आणि वेळ टिपून ठेवा, आणि पुढच्या स्थानकात गार्डला किंवा स्टेशनमास्तरला सांगा. तेही जमले नाही तर १३९ वर फोन करा.