बिंबाणूंचा हिशेब

आयुष्याची पस्तीस वर्षे आम्ही दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात घालविली. त्यामुळे कागदावरचा आकडा खरा असलाच पाहिजे, निदान त्याचा पुरावा दप्तरात कोठेतरी असलाच पाहिजे, अशी आमची श्रद्धा होऊन बसली आहे. गेल्या पावसाळ्यात आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी सुरतेहून माहेरी, इंदूरला, आली आणि या श्रद्धेची कसोटी लागली.

बत्तिसाव्या आठवड्यात तिचे रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट्स ८२,००० भरल्या. मराठीत यांनाच बिंबाणू म्हणतात. किती गोंडस नाव! त्यांची संख्या दर घनमिलिमीटरला दीड लाख ते साडेचार लाख असावी. रक्तस्राव थांबविण्यास प्रथम धावतात ते हेच. आणि प्रसूती म्हटली की रक्तस्राव आलाच. आम्ही मनातल्या मनात वजाबाकी केली आणि रात्रभर जागलो.

शेजारच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस सुचविला. ज्या आमच्या सौभाग्यवतींनी आठ महिने लेकीच्या दृष्टीस पपईची फोड पडू दिली नव्हती, त्या क्षणभर अवाक् झाल्या. "फळ वर्ज्य आणि पान औषध, असे कोणत्या शास्त्रात आहे हो?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. डॉक्टरीणबाईंनी रस तर नाकारलाच, पण विचारल्यावाचून अंगदुखीची गोळीही घ्यायची नाही, अशी ताकीद दिली.

त्यांनी प्रथम आमच्या आकड्यावरच शंका घेतली, याचे आम्हांस फार नवल वाटले. नळीतल्या औषधाने बिंबाणूंचे कधी कधी पुंजके होतात व यंत्र ते मोजत नाही. म्हणून त्यांनी वेगळ्या नळीत रक्त घेऊन काचपट्टीवर डोळ्यांनी पाहविले. पुंजके नव्हते. आकडा खराच होता. मग रक्तदाब, लघवीतील प्रथिने, यकृताची तपासणी. पावसाळा म्हणून डेंग्यूचीही. सारे निर्दोष.

"पहिल्या महिन्यांतला आकडा आहे का?" बाईंनी विचारले. गर्भारपणात बिंबाणू उणे भरतात, त्यांतल्या सुमारे पाऊण हिश्श्याच्या बाबतीत कारण गर्भारपण हेच असते; ते बहुधा उत्तरार्धात दिसते, फार खाली जात नाही आणि त्याला औषध लागत नाही. परंतु शरीरच आपले बिंबाणू नष्ट करू लागले, तर उणीव बहुधा आधीपासून दिसते, प्रसंगी स्टेरॉईड द्यावे लागते आणि बाळाच्या रक्तावरही परिणाम संभवतो. म्हणजे सारे येऊन ठेपले एका जुन्या कागदावर! तो लेकीने जपलेला नव्हता. आम्ही तिला नको इतके बोललो. ती काही न बोलता आत निघून गेली. दोन दिवसांनी जावईबापूंना सुरतेच्या घरी, विजेच्या बिलांत, तो सापडला. तिसरा महिना : २,१२,०००. पुरावा निर्णायक नव्हे, पण वजनदार होता. त्या दिवशी लेकीला आम्ही जिलबी आणून दिली. माफी मागण्याचे आम्हांस कधी जमलेच नाही.

बिंबाणूंची पिशवी चढवून आकडा भरून काढावा, हीही सूचना आम्ही केली होती. ती पिशवी २० ते २४ अंशांत सतत हलवत ठेवतात आणि ती साधारण पाचच दिवस टिकते. असे धन केवळ खातेवहीची शोभा वाढविण्यासाठी खर्चायचे नसते, हे ऐकून आमचा हिशेबनिसाचा अभिमान जरा ओशाळला.

मग दर आठवड्यास सुई. ७९,०००. ७४,०००. भूलतज्ज्ञांना पाठीत सुई देण्यासाठी ७०,००० च्या वर आकडा हवा होता. शेवटचा आला ७६,०००.

पहाटे नात झाली. रक्तस्राव बेताचाच झाला. नाळेच्या रक्तातील बिंबाणू अडीच लाखांवर भरले. सहा आठवड्यांनी लेकीचा आकडा आपोआप १,८८,००० झाला. तो कागद तिनेच आमच्या हाती दिला आणि म्हणाली, "बाबा, हा तुम्हीच ठेवा. माझ्याकडून हरवेल."