न हसणारी माणसं

‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या जपानी चित्रपटात शिझुकू नावाची शाळकरी मुलगी आयुष्यातली पहिली गोष्ट लिहून पुरी करते आणि कागदांचा गठ्ठा घेऊन थेट निशी आजोबांच्या दुकानात जाते. हे आजोबा जुनी घड्याळं आणि जुन्या वस्तू दुरुस्त करणारे. आत्ताच्या आत्ता वाचा, असा तिचा हट्ट. ते शेकोटीपाशी बसून वाचू लागतात आणि ती बाहेर थंडीत थांबते. अंधार पडतो. वाचून झाल्यावर ते बाहेर येऊन तिला सांगतात, छान जमलंय, अजून ओबडधोबड आहे पण त्यात जीव आहे. ती ऐकायलाच तयार नसते. उत्तरार्ध फसलाय, मला कळतंय, असं म्हणत ती हमसून रडते. मग आजोबा तिला आत नेतात, गरम गरम उदोन नूडल्स करून खाऊ घालतात आणि स्वतःच्या तरुणपणातली हकीकत सांगतात. जर्मनीत भेटलेली लुइझ, मध्येच आलेलं महायुद्ध आणि नंतर शोधूनही न लागलेला तिचा पत्ता.

खरं तर ही प्रेमकथा शिझुकू आणि आजोबांचा नातू सेइजी यांची. वाचनालयातून शिझुकू जे पुस्तक आणते, त्याच्या कार्डावर तिच्या आधी सेइजी आमासावा हे नाव लिहिलेलं असतं. आपलं नाव तिच्या नजरेस पडावं म्हणून तो पोरगा वाचनालयातली पुस्तकं एकामागून एक वाचत सुटलेला असतो. त्याला व्हायोलिन घडवणारा कारागीर व्हायचंय आणि त्यासाठी तो दोन महिने इटलीतल्या क्रेमोनाला उमेदवारी करायला निघालाय. हे ऐकून शिझुकूला आनंद होतो आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडतो. याला आपली वाट सापडली, मला काय येतं? म्हणून ती गोष्ट लिहायला बसते. कुणावर तरी जीव जडला म्हणून आपलं स्वतःचं काम शोधायला निघालेली मुलगी मी तोवर पडद्यावर पाहिली नव्हती.

1995चा हा चित्रपट. आओइ हिइरागी यांच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, हायाओ मियाझाकी यांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांचं. कोंदो 1998 साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर हा एवढा एकच चित्रपट आहे. तोक्योच्या पश्चिमेकडच्या तामा भागातले चढउतार, जिने, इमारतीतल्या लहानशा फ्लॅटमधली अडगळ, सिंकमधली भांडी हे सगळं त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने चितारलंय की या माणसाने आणखी दहा चित्रपट करायला हवे होते, ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला पुण्याच्या हॉस्टेलवर. रूममेटच्या भावाने हार्ड डिस्क भरून जपानी चित्रपट दिले होते. चार जणींत एक लॅपटॉप आणि खाली धावणारी इंग्रजी सबटायटल्स. बाकीच्या सेइजीच्या सायकलवर भाळल्या. मी अडकले ती शिझुकूच्या वडिलांपाशी.

लिहिण्याच्या नादात शिझुकूचा अभ्यास मागे पडतो. वर्ष महत्त्वाचं, आपल्याकडच्या दहावीसारखं, पुढच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेचं. मोठी बहीण खवळते. मग आईवडील तिला समोर बसवतात आणि विचारतात, तू जे करते आहेस ते अभ्यासापेक्षा महत्त्वाचं आहे का? ते काय आहे हे ती सांगत नाही, आणि तेही खोदून विचारत नाहीत. वडील थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, कर. सगळ्यांनी एकाच वाटेने जायला हवं असं नाही. पण वेगळ्या वाटेचा त्रास तुझा तुलाच सोसावा लागेल, दुसऱ्या कुणाला बोल लावता येणार नाही. आईही सांगते की अशा एक-दोन आठवणी माझ्याही आहेत. संपलं. आवाज चढत नाही, कुणाला रडू येत नाही, जेवायला मात्र सगळ्यांनी एकत्र बसायचं एवढी अट.

सांगलीत आमच्या एकत्र कुटुंबात मी सातवीत असताना चुलत बहिणीच्या वहीत एक चिठ्ठी सापडली होती. मुलगा तिच्याच शिकवणीतला. त्या चिठ्ठीत काही वावगं नव्हतं, फार तर चार ओळी होत्या. रात्री जेवणं झाल्यावर ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली, आवाज काढून, हातवारे करून. घर हसलं. कुणी ताईला मारलं नाही, शिकवणी बंद केली नाही. उलट दुसऱ्या दिवशी लाडाने चिडवणं सुरू झालं. ताई मात्र त्यानंतर घरात काही सांगेनाशी झाली. पुढे नोकरी बदलली तेव्हाही आम्हाला महिन्याने कळलं. तो हसण्याचा आवाज माझ्या कानात होता, आणि हॉस्टेलच्या त्या खोलीत एक बाप मुलीसमोर बसून न हसता विचार करत होता.

तेव्हापासून या जपानी चित्रपटांत मी प्रेमिकांपेक्षा त्यांच्या आसपासची मोठी माणसं शोधू लागले.

माकोतो शिंकाई यांच्या ‘फाइव्ह सेंटीमीटर्स पर सेकंद’मध्ये ती जवळजवळ दिसतच नाहीत आणि मला वाटतं, त्या चित्रपटाचं दुःख तिथूनच सुरू होतं. ताकाकी आणि आकारी एका वर्गातले, दोघंही बदलीच्या नोकरीवाल्या घरांतले. आकारीच्या घरचे तोचिगीला निघतात. मावशीकडे राहून इथल्याच शाळेत जाते, अशी विनवणी ती करून पाहते. मोठी झालीस की बघू, असं उत्तर मिळतं. सार्वजनिक फोनवरून रडत रडत ती हे ताकाकीला सांगते आणि तो, तेराही पूर्ण नसलेला मुलगा, तुटकपणे बोलून जातो. बदल्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हा फोन ऐकवणार नाही.

पुढे ताकाकीच्या घरचेही दूर दक्षिणेला, तानेगाशिमा बेटावर निघतात. जाण्याआधी तो एकटाच तिला भेटायला जातो. शिंजुकूहून ओमिया, तिथून ओयामा, तिथून र्‍योमो मार्गावरचं इवाफुने हे लहानसं स्टेशन. बर्फ पडू लागतं, गाड्या रखडतात. संध्याकाळी सातला भेटायचं ठरलेलं असतं, तो पोहोचतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. तिच्यासाठी मनापासून लिहिलेलं पत्र वाटेतच ओयामाच्या फलाटावर वाऱ्याने उडून जातं. रिकाम्या गाडीत, न हलणाऱ्या डब्यात बसलेला तो मुलगा मनोमन म्हणत राहतो की तिने घरी परत जायला हवं. ती गेलेली नसते. प्रतीक्षागृहातल्या शेगडीपाशी डबा घेऊन बसलेली असते. या सगळ्या रात्रीत त्यांच्याशी बोलणारं मोठं माणूस एकच, स्टेशन बंद करायची वेळ झाली असं सांगणारा कर्मचारी. तोही प्रेमळ आहे, पण स्टेशन तर बंद करायचंच आहे. नंतर बर्फात, निष्पर्ण चेरीच्या झाडाखाली जे घडतं त्यावर लोक भरभरून लिहितात. मला आठवतं ते त्या आधीचं, तिच्या हातचं जेवताना त्याचं भरून येणं.

मामोरू होसोदा यांच्या 2006च्या ‘द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम’मधली माकोतो मात्र नशीबवान, तिला मावशी आहे. कालप्रवासाची शक्ती हाती आलेली ही मुलगी तिचा उपयोग करते तो चिआकीने सायकलवर मनातलं बोलून दाखवल्यावर तो क्षण पुसून टाकण्यासाठी, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करणारी मावशी हे सारं ऐकून घेते आणि जराही चकित होत नाही. यासुताका त्सुत्सुई यांच्या मूळ कादंबरीची नायिका काझुको योशियामा हीच ही मावशी, हे कळल्यावर तिच्या शांतपणाचा उलगडा होतो. मी वाट पाहत राहिले, पण तू तशी नाहीस. कुणाला उशीर झाला तर तू धावत जाऊन घेऊन येणारी आहेस, असं ती भाचीला सांगते. सल्ला नाही, आज्ञा नाही. मुलीला तिचा स्वभाव दाखवून दिला, बस.

2016 साली एप्रिलमध्ये आपल्याकडे ‘सैराट’ आला आणि ऑगस्टमध्ये जपानमध्ये शिंकाईंचा ‘युअर नेम’. मी दोन्ही वर्षभराच्या आत पाहिले आणि बरेच दिवस ते एकमेकांत मिसळत राहिले. ‘युअर नेम’मधल्या मित्सुहाच्या अंगात दुसरंच कुणीतरी वावरतंय हे तिच्या आजीच्या लक्षात येतं, आणि तरुणपणी आपल्यालाही अशी स्वप्नं पडायची, असं ती सहज बोलून जाते. ‘सैराट’मधल्या आर्चीला अशी आजी नव्हती. दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी जे दाखवलं ते आपलं सत्य आहे, आणि ते तसंच दाखवायला हवं होतं. आपल्या गावांत पोरापोरींच्या प्रेमावर वडीलधाऱ्यांकडे दोनच उत्तरं असतात, हशा नाही तर हत्या. मधल्या जागेत बसणारी माणसं आपल्या साहित्यात मी शोधली तेव्हा पहिला हाती लागला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधला नरूमामा. नववीतल्या मुकुंदाचं ऐकून घेणारा तेवढा तोच.

2019च्या ऑक्टोबरात ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागला. त्यासाठी इथल्या चाहत्यांनी सह्यांची ऑनलाइन मोहीम चालवली होती. थिएटरात माझ्या आसपास बहुतेक विशीच्या आतली मुलं होती आणि चित्रपटातला पत्नी गमावलेला सुगा तरुण नायक होदाकाला अडवतो तेव्हा ती सगळी अस्वस्थ झाली. सुगा शहाण्या माणसासारखं समजावतो, पोलिसांच्या स्वाधीन हो म्हणतो. आणि मग, त्याच प्रसंगात, पोराला जाऊ देण्यासाठी स्वतःच पोलिसाच्या अंगावर झेपावतो. मोठं माणूस आपल्या डोळ्यांदेखत बदलताना पाहणं मला त्या साऱ्या पावसापेक्षा, ढगांपेक्षा मोठं वाटलं.

ताईची मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. सुट्टीत ती माझ्याकडे आली की आम्ही हे चित्रपट बघतो. ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’मध्ये तिला ना आजोबा महत्त्वाचे वाटले, ना वडील. तिला दिसला सुगिमुरा. देवळाच्या आवारात शिझुकूला मनातलं सांगणारा आणि आपण फक्त मित्र आहोत हे ऐकून निघून जाणारा मुलगा. शिझुकूची मैत्रीण युको त्याच्यावर जीव लावून बसलेली, हे त्याला तिथेच शिझुकूकडून कळतं.

“मावशी, त्याला नाही म्हटलं ते बरोबर. पण नंतर कुणी त्याच्याशी बोललं का?”

चित्रपट संपला, श्रेयनामावली सुरू झाली. नावांमागे रस्त्याने माणसं येत-जात राहतात, त्यांत युको थांबलेली दिसते आणि तिला गाठायला सुगिमुरा येतो. भाचीने ते मागे घेऊन पुन्हा लावलं. मग माझ्याशी भांडायला बसली, की ही गोष्ट चित्रपटातच यायला हवी होती, नावांच्या मागे का ढकलली, आणि युकोने एवढ्यात त्याच्याबरोबर चालायला लागावं हे तिला बिलकूल पटलेलं नाही. जेवणं खोळंबली तरी तिचे मुद्दे संपत नव्हते, आणि त्यांतले निम्मे मला पटत होते.