कापड बघितलंस का?

१/ माग आणि संगणक यांचे नाते सांगताना जोसेफ जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची गोष्ट नेहमीच सांगितली जाते. आजच्या धाग्यात त्यांचे एक दुसरे नाते मांडायचे आहे: निर्मात्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा यंत्र अधिक वेगाने पळवण्याचे. संगणकाच्या जगात याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी ते हातकणंगलेत, घरच्या संगणकात एक वापरलेला प्रोसेसर बसवून शिकले. शिकताना इतिहासाचे एक पान गमावले. म्हणून हा धागा.

२/ सुरुवात आमच्या तालुक्यापासून. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला आणि हे गाव पुढे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. इचलकरंजीला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. १८९१ साली सुरू झालेल्या मिरज–कोल्हापूर मार्गावरील आमचे हातकणंगले हेच तिचे जवळचे स्थानक.

३/ यंत्रमागाच्या धंद्याचा मोठा भाग दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या यंत्रांवर उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पुढच्या काळात गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांचे जुने माग यंत्रमागवाल्यांकडे आले. आमच्या शेडमधले आठही माग असेच मुंबईच्या एका गिरणीतून आले, असे माझे वडील, अण्णा, सांगतात. ‘असे सांगतात’ हे शब्द ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

४/ जुना माग आणला की पहिला विचार वेगाचा. मोटारीवरची पुली थोडी मोठी बसवली की मागाचे मिनिटाचे फेरे वाढतात. परंतु धोट्याची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला तर धोटा सव्वादोन पट जोराने आदळतो. मग धागे तुटतात, मारदांडी मोडते, प्रसंगी धोटा उडून बाहेर येतो. ‘पुली बदलणे’ हेच अण्णांचे ओव्हरक्लॉकिंग होते, फक्त त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता.

५/ आता प्रोसेसर. त्यात घड्याळाच्या ठोक्यासारखा एक विद्युत ठोका असतो आणि प्रत्येक पायरीचे काम त्या ठोक्याबरोबर पुढे सरकते. मूळ ठोका एका स्फटिकाच्या कंपनांतून मिळतो. त्याला एका गुणकाने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो. म्हणजे वेग वाढवण्याचे मार्ग दोन: मूळ ठोका वाढवा किंवा गुणक वाढवा.

६/ याचा इतिहास जुना आहे. १९८४ मध्ये आलेला आयबीएमचा पीसी-एटी ६ मेगाहर्ट्झवर चालत असे. हौशी लोकांनी त्यातला स्फटिक काढून अधिक वेगाचा बसवला आणि यंत्र ८ मेगाहर्ट्झवर नेले. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए तर दंतकथाच झाला. मूळ ठोका ६६ ऐवजी १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर ४५० वर धावू लागे, आणि पुष्कळ वेळा बिनतक्रार धावे.

७/ हे शक्य का होते? २२ मार्च १९९३ रोजी बाजारात आलेल्या पेंटियमचे उदाहरण घ्या. त्याच्या घडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ अशा दोन वेगांत विकला गेला. रचना एकच. कारखान्यात प्रत्येक चिप तपासतात आणि ती कोणत्या वेगावर खात्रीने चालेल ते पाहून शिक्का मारतात. उन्हाळा, धूळ, कमी-जास्त वीज हे सारे गृहीत धरून थोडी जागा राखून ठेवतात. अंगावर लिहिलेला वेग ही यंत्राची अंतिम सीमा नव्हे. ती निर्मात्याने दिलेली हमी आहे. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्या हमीबाहेर पाऊल टाकणे.

८/ काही व्यापाऱ्यांनी कमी वेगाच्या चिपवर अधिक वेगाचा शिक्का मारून फसवणूकही केली. नव्वदच्या दशकात गुणकाला कुलूप लागण्याचे ते एक कारण. नंतर तेच कुलूप उघडून कंपनीने जास्त किमतीला विकले. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘के’ हे अक्षर असते, त्यांचा गुणक मोकळा असतो.

९/ मी घेतलेला प्रोसेसर असाच होता: २०११ च्या जानेवारीत आलेला कोअर आय५-२५००के. चार कोअर, १०० मेगाहर्ट्झचा ठोका, गुणक ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. गुणकाला हात लावू देणारा मदरबोर्डही त्याच्यासोबत वापरलेलाच घेतला. कोल्हापुराहून पॅसेंजरने मांडीवर ठेवून घरी आणला. जुनी वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली, मोठा पंखा बसवला. गुणक ४६ केला. ४.६ गिगाहर्ट्झ!

१०/ इथे पुन्हा वर्गाचा नियम आला. वेग वाढवला की स्थिरतेसाठी व्होल्टेज वाढवावे लागते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या व वेगाच्या गुणाकाराने वाढते. १.२० चे १.३५ व्होल्ट केले, तर वेग ३९ टक्क्यांनी वाढताना उष्णता सुमारे ७६ टक्क्यांनी वाढते. पंखा घोंघावू लागला.

११/ अण्णांना तो ऐकू आला नाही. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. तीस वर्षांत त्यांचे कान गेले. ते उठून आले आणि त्यांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, जसा मागाच्या चौकटीवर ठेवत. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “पळतंय ते कळलं. कापड बघितलंस का?” मी हसले. प्रोसेसरला कुठले आले कापड?

१२/ त्या रात्री मी त्याला खरे काम दिले. काही वर्षांपूर्वी आमचे माग भंगारात गेले. त्याआधी मी शेडमधल्या हिशेबाच्या वह्यांची मोबाईलवर छायाचित्रे काढली होती, २,३१८ पाने. मूळ वह्यांना वाळवी लागली होती. त्या टाकून द्याव्या लागल्या. छायाचित्रे सरळ करणे, कडा कापणे, लहान आकारात साठवणे हे काम जुन्या संगणकावर फार रेंगाळत असे. नव्या वेगावर ते एका रात्रीत उरकले. सकाळी मोबाईलमधली जागा मोकळी करण्यासाठी मी मूळ छायाचित्रे पुसून टाकली.

१३/ चार दिवसांनी पाने चाळू लागले. ४१ पाने बिघडली होती. काही उघडेनात, काहींचा वरचा भाग स्वच्छ आणि खाली नुसता राखाडी पट्टा. त्यांत १९८४–८५ च्या वहीतले एक पान होते: माग कोठून आले, कितीला घेतले, वाहतुकीला काय पडले, याची नोंद असलेले. वर ‘माग नग ८’ एवढे वाचता येते. त्याखाली राखाडी.

१४/ चूक कोणाची? विकणाऱ्याची नव्हे, प्रोसेसरचीही नव्हे. उत्तर आधीच ठाऊक असलेली अवजड गणिते तासन्‌तास करायला लावून प्रोसेसरची स्थिरता तपासतात. ती चाचणी रात्रभर चालवायची असते. मी वीस मिनिटांत आटोपली होती. यंत्र बंद पडले नाही म्हणजे ते बरोबर चालले, असे मी समजले.

१५/ मागाला आडवा धागा तुटल्यावर थांबवणारा एक काटा असतो. आमच्याकडे काही मागांचे काटे काढून ठेवले होते, कारण त्यांच्यामुळे माग वरचेवर थांबे आणि मजुरी तर विणलेल्या मीटरवर मिळे. असा माग तुटल्या धाग्यानिशी धडधडत राही आणि दोष ताग्यात गुंडाळला जाई. म्हणून अण्णा दर थोड्या वेळाने कापडावर हात फिरवीत. प्रोसेसरने एखाद्या गणितात एका बिटाची चूक केली, तर घरगुती संगणकात बहुतेक वेळा असा काटाच नसतो. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतक्याच वेगाने पुढे जातो.

१६/ म्हणून तिसऱ्या परिच्छेदात मला ‘असे सांगतात’ म्हणावे लागले. त्या मागांचा पुरावा माझ्या हातात होता. आता आठवण उरली आहे. अण्णांना गिरणीचे नाव आठवत नाही. मी ते पान उघडून त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी पडद्यावरच्या राखाडी भागावर बोट फिरवले आणि काही बोलले नाहीत.

१७/ प्रोसेसर अजून आहे. तो आता ४.२ वर चालतो. रात्रभराच्या दोन चाचण्यांत एकही चूक आढळली नाही. जुन्या यंत्रात शिल्लक राहिलेली ताकद शोधणे मला आजही आवडते. आमच्या तालुक्याचे पोट त्यावर भरले आहे. पण आता काम झाल्यावर मी प्रत्येक फाइल उघडून पाहते आणि मूळ प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याखेरीज काहीही पुसत नाही.

१८/ आपल्यापैकी अनेक जण घरातली मोडी दफ्तरे, पत्रे, वह्या यांची छायाचित्रे काढत आहेत. एक विनंती: मूळ छायाचित्र हेही साधनच आहे, ते जपा. आणि यंत्रमाग केंद्रांत आलेल्या गिरण्यांच्या मागांची एखादी पावती, वहीतली नोंद किंवा मागाच्या चौकटीवरची ओतीव अक्षरे कोणाकडे असतील तर खाली जरूर लिहा. आमच्या आठ मागांचे गाव मला अजून शोधायचे आहे. धागा समाप्त.