ऊन आणि उसंत

सह्याद्रीची रांग कोकणाच्या बाजूला जिथे उभ्या कड्यांनी तुटते आणि देशाच्या बाजूला हळूहळू उतरत जाते, त्या अरुंद, उंच पट्ट्याला घाटमाथा म्हणतात. मावळ तालुक्यातले कुरवंडे हे लोणावळ्याला खेटून असलेले गाव या पट्ट्याच्या अगदी कडेला वसलेले असून, नागफणीचा कडा, त्याच्या माथ्यावरचे महादेवाचे देऊळ, खाली कोकणात उतरणारी कुरवंडे घाटाची जुनी वाट आणि देहू-आळंदीकडे वाहत जाणाऱ्या इंद्रायणीचा उगम, एवढे सगळे त्याच्या शिवारात किंवा शिवारालगत येते. अशा ठिकाणी माणसे उन्हाळा कसा घालवतात, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, कारण लोणावळा-खंडाळा ही नावे मराठी मनात सुट्टीशी इतकी घट्ट जोडली गेली आहेत की तिथला वेळ म्हणजे मोकळाच वेळ, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एप्रिल-मे महिन्यांत या माथ्यावर दोन उन्हाळे शेजारी शेजारी नांदत असतात: एक उन्हापासून पळून घाट चढून आलेल्यांचा आणि दुसरा उन्हालाच कामाला लावणाऱ्यांचा. फुरसतीविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा पहिल्यांविषयी असते. दुसऱ्यांच्या उन्हाळ्यात स्वेच्छा, हौस आणि कसब यांचा वाटा किती, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

पहिला उन्हाळा तसा अलीकडचा. कुरवंडे घाटाची वाट शतकानुशतके होती, पण ती ओझी वाहणाऱ्यांची आणि लष्करांची वाट होती. फेब्रुवारी 1661 मध्ये कारतलबखानाची मोगल फौज याच घाटाने कोकणात उतरली आणि खाली उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांनी तिला कोंडीत पकडले. या वाटेने जाणाऱ्याला कड्याच्या टोकावर गार वाऱ्यात नुसते बसून राहावे असे वाटण्याचे काही कारण नव्हते. ते कारण पुढे आगगाडीने निर्माण केले. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग 1858 मध्ये सुरू झाला, बोरघाटाचा अवघड टप्पा 1863 मध्ये पूर्ण झाला (त्या बांधकामात पटकीने आणि अपघातांनी किती मजूर गेले याची आठवण आज घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला फारशी नसते) आणि मुंबईच्या दमट उकाड्यातून काही तासांत माथ्यावर येणे शक्य झाले. मग ‘हवापालट’ रूढ झाला, म्हणजे प्रकृतीच्या कारणाने शहर सोडून काही आठवडे कोरड्या, थंड हवेत राहणे. त्यासाठी पारशी, गुजराती आणि काही मराठी कुटुंबांचे बंगले आणि आरोग्यधामे उभी राहिली. शाळा आणि न्यायालये यांच्या उन्हाळी सुट्ट्यांनी त्याला वार्षिक ताल दिला, तर 1930 मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने शनिवार-रविवारचा ताल दिला, कारण ही गाडी आरंभी घोड्यांच्या शर्यतींसाठी पुण्याला जाणाऱ्या शौकिनांकरिता आठवड्याच्या अखेरीसच धावत असे.

या फुरसतीचे एक लक्षण ध्यानात घेण्यासारखे आहे. तिची बहुतेक ठिकाणे मुळात कामासाठी बांधलेली आहेत. भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले. वळवण, शिरवटा आणि लोणावळा हे तलाव टाटांनी खोपोलीच्या जलविद्युत केंद्रासाठी बांधले आणि 1915 पासून त्यांच्या पाण्यावर निर्माण झालेल्या विजेने मुंबईच्या कापड गिरण्यांचे माग चालवले. गिरण्या गेल्या, वाफेची इंजिने गेली आणि मागे राहिलेली पाणवठ्याची कड सहलीला मिळाली.

दुसरा उन्हाळा समजून घ्यायचा तर आधी मावळच्या पावसाचा विचार करावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते आणि त्यानंतर चार महिने घाटमाथ्यावर असा पाऊस कोसळतो की काहीही वाळवणे, शाकारणे, साठवणे अशक्य होते. त्यामुळे गावातल्या प्रत्येक उन्हाळी कामाला एक मुदत असते आणि ती ‘पावसाआधी’ या पाच अक्षरी आग्रहाने नव्हे, आभाळ भरून येण्याच्या भीतीने पाळली जाते. सर्वांत मोठे काम राबाचे. राब म्हणजे भाताची रोपे ज्या वाफ्यात तयार करायची तो वाफा भाजून काढणे: जमिनीवर शेण-गोवऱ्यांचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचे वाळलेले कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, वरून बारीक मातीचा हात, आणि मग वारा पडलेला पाहून, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने दिलेली आग, जेणेकरून ती भडकत न जाता मुंगीच्या पावलांनी सरकावी. तणाचे बी जळते, राख खत होते आणि पहिल्या पावसात टाकलेले भाताचे बी तणाशी झुंजल्याशिवाय वर येते. आंबेमोहोर आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने तयार केलेला, 1987 मध्ये प्रसारित झालेला आणि आज सर्वदूर खाल्ला जाणारा इंद्रायणी तांदूळही मावळात अनेक ठिकाणी याच भाजलेल्या वाफ्यातून वाढतो. कवळ तोडल्याने झाडे बोडकी होतात, हा कृषितज्ज्ञांचा आक्षेप खरा आहे. पण राबाची आग नीट चालवणे ही एक कला आहे आणि ती येणाऱ्या माणसाला गावात मान असतो, हेही तितकेच खरे आहे.

घरांच्या अंगणात आणि छपरांवर याच काळात वाळवण पडते. तांदळाच्या पापड्या आणि फेण्या, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस, वर्षभराचा मसाला आणि लोणचे ही यादी महाराष्ट्रात सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच आहे, पण जिथे चार महिने बाजाराची वाटही चिखलात जात असे तिथे ती चैनीची नव्हती, तरतुदीची होती. तरीही तिला केवळ तरतूद म्हणणे अन्यायाचे होईल. कुरडईचा चीक एकटीने हाटता येत नाही; शेजारणी पहाटे जमतात, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा फेर धरतात, पापडीचा पातळपणा आणि कुरडईचा शुभ्रपणा यांवरून एकमेकींचे कौतुक आणि उणेदुणे होते, आणि पोरांना चिकाची वाटी मिळते. श्रम आणि विरंगुळा यांची इथे विभागणी करू गेल्यास दोन्ही हातातून निसटतात. पुरुषांची हौस निराळ्या दिशेने जाते. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा असतात, कार्ल्याच्या एकवीरेची चैत्री यात्रा कोळी-आगरी भक्तांनी फुलते, आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाड्यांच्या शर्यती होतात. इथल्या पद्धतीत चार बैल गाडा ओढतात, पुढे घोडी धावते, आणि धावपट्टीला घाट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालांविषयीचा वाद त्याने संपला असे मानण्याचे कारण नाही. मात्र बंदीच्या सात वर्षांत एक छकडाही न धावता गोठ्यात खिल्लारी बैल पोसत राहणारे मालक होते, आणि एवढी तोट्याची निष्ठा फक्त हौसेपोटीच जन्माला येते.

इंग्लिश इतिहासकार ई. पी. थॉमसन यांनी 1967 मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात काळाच्या दोन जाणिवांमध्ये भेद केला होता. एका जाणिवेत काम वेळ ठरवते: गाय व्याली की जागायचे, भरती आली की जाळे टाकायचे, आणि मधे गप्पा मारल्या तर वेळ ‘वाया’ जात नाही. दुसरीत घड्याळ काम ठरवते; वेळ मालकाला विकला जातो आणि जो विकला गेला नाही तो फुरसत म्हणून उरतो. घाट चढून येणारा माणूस या दुसऱ्या जाणिवेतून आलेला असतो, म्हणून तो उन्हाळा ‘घालवतो’. कुरवंड्यातला भातशेतकरी पूर्वापार पहिल्या जाणिवेत जगत आला. थॉमसन यांचा भेद मात्र जसाच्या तसा लावता येत नाही, कारण आज त्याच शेतकऱ्याचा मुलगा लोणावळ्यातल्या हॉटेलात पाळी करतो, आणि सुट्टी मिळाली तर राब भाजायला घरी येतो. म्हणजे एका घरात सकाळी घड्याळाचा आणि संध्याकाळी आभाळाचा अंमल चालतो.

फुरसतीत हाती घेतलेल्या कामाला स्वतंत्र नाव देण्याचा प्रयत्न कॅनडातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी 1982 मध्ये केला. ज्या छंदात माणूस वर्षानुवर्षे चिकाटीने कौशल्य मिळवत जातो, अडचणी सोसतो आणि ज्यातून त्याची ओळख घडते, त्याला त्यांनी गंभीर फुरसत म्हटले आणि समुद्रकिनाऱ्यावर पडून राहण्यासारख्या सैल फुरसतीपासून वेगळे काढले. मावळातच याचे एक थोर उदाहरण आहे. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते. राजपुत्रांना शिकवण्याच्या निमित्ताने जमलेल्या टिपणांतून त्यांची ‘रियासत’ ही इतिहासमाला आकार घेऊ लागली आणि 1898 पासून तिचे खंड बाहेर पडू लागले. 1925 मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुण्यात किंवा मुंबईत न राहता इंद्रायणीकाठी कामशेतला स्थायिक झाले, आणि तिथून त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांच्या 45 भागांचे संपादन पार पाडले व पुढे इंग्रजीत मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. 1959 मध्ये त्यांचे निधन झाले तेही कामशेतलाच. टिळकही उन्हाळ्यात सिंहगडावरच्या बंगल्यात मुक्काम करीत आणि ती विश्रांती वाचन-लेखनात जाई. अशा माणसांना डोंगर हवा होता तो हवेसाठी, शांततेसाठी, आणि बहुधा लोकांच्या भेटीगाठींपासून थोडे अंतर राखण्यासाठी. सैल फुरसत त्यांना मानवली असती असे वाटत नाही. स्टेबिन्स यांच्या व्याख्येत संशोधक, गिर्यारोहक, हौशी नट सहज बसतात. कुरडया घालणाऱ्या बायका आणि गाड्याचा बैल घडवणारा मालक यांनाही त्यात जागा द्यावी लागेल, कारण चिकाटी, कसब आणि ओळख या तिन्ही कसोट्या ते पार करतात. त्यांना वगळण्याचे एकच कारण उरते आणि ते म्हणजे त्यांची कामे उपयोगाचीही आहेत. उपयोग झाला की हौस संपली, ही समजूत शहरी आहे.

आजच्या माथ्यावरचे दृश्य सरदेसायांच्या काळाहून फार वेगळे आहे. द्रुतगती महामार्ग 2002 मध्ये पूर्ण झाल्यानंतर शनिवारचा प्रवास आणखी सोपा झाला. भाड्याने मिळणारे व्हिला, तरणतलाव आणि रात्रभरचे संगीत या गोष्टी गावांच्या वेशीपर्यंत आल्या. अमेरिकन अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 मध्ये दिखाऊ फुरसतीचे वर्णन केले, म्हणजे आपल्याला काम करावे लागत नाही हे इतरांना दिसावे अशा रीतीने वेळ घालवणे. त्यांनी पाहिलेला धनिक वर्ग आज मोबाइलवर छायाचित्रे टाकतो एवढाच फरक. त्या सुट्टीची दुसरी बाजू म्हणजे व्हिलाचा राखणदार, स्वयंपाकीण, माळी आणि मे महिन्यात तरणतलाव भरायला येणारा पाण्याचा टँकर. पर्यटकांची सुट्टी हाच गावकऱ्यांचा कामाचा हंगाम होतो, हे जगभरच्या थंड हवेच्या ठिकाणांचे सत्य आहे आणि त्यात पैसा येतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विकलेल्या भातखाचरावर राब भाजला जात नाही, आणि ज्या अंगणात गाड्या उभ्या राहतात तिथे वाळवण घालता येत नाही. महामार्गाच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या कातकरी-ठाकर बायकांचा उन्हाळाही डोंगर मोकळा असण्यावरच अवलंबून आहे. ‘डोंगरची मैना’ ही हाक कुंपणाच्या आत पिकलेल्या करवंदांसाठी देता येत नाही.

या दोन उन्हाळ्यांचा सांधा जुळतो तो गिर्यारोहणाच्या निमित्ताने. नागफणीच्या कड्यावर दोराने उतरण्याचा सराव अनेक संस्था करतात, आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थेचे स्वयंसेवक हीच विद्या वाट चुकलेल्यांना, दरीत पडलेल्यांना वर काढण्यासाठी वापरतात, तीही आपापले धंदे-नोकऱ्या सांभाळून आणि बोलावणे येईल त्या वेळी. छंद सेवेपर्यंत नेणारी ही गंभीर फुरसत स्टेबिन्स यांनाही मान्य झाली असती, कारण स्वयंसेवा हा त्यांच्या मांडणीतला एक स्वतंत्र प्रकारच आहे. अशा शोधांत घाटमाथ्यावरच्या गावांतले वाटाडे लागतात. दोर कितीही पक्का असला तरी कोणती घळ कुठे फुटते, कोणती वाट कारवीच्या रानात बुजते आणि रात्री कोणत्या टप्प्यावर थांबणे धोक्याचे, हे त्यांना ठाऊक असते, आणि ते ज्ञान त्यांना लहानपणी करवंदे, सरपण आणि कवळ गोळा करत हिंडलेल्या उन्हाळ्यांत मिळालेले असते.