पिटेझरीच्या वाटेवरची जिप्सी

उत्तर ध्रुवालगतच्या देशांत सुट्टीचे दोन दिवस हिमवाहनावरून, म्हणजे पुढे घसरपट्ट्या आणि मागे फिरता पट्टा असलेल्या यंत्रावरून, आखलेल्या वाटांनी निर्मनुष्य प्रदेश पाहण्यात घालवले जातात. भंडारा जिल्ह्यात त्याच ओढीने येणारा पर्यटक साकोली तालुक्यातील पिटेझरी प्रवेशद्वारातून उघड्या जिप्सीने नागझिऱ्यात शिरतो. १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे वन २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. येथील गाभा क्षेत्रात, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या भागात, वाहनाला ठरलेली वाट सोडता येत नाही आणि प्रवाशाला खाली उतरता येत नाही.

डिसेंबरच्या पहाटे ब्लँकेट गुंडाळून बसलेल्यांच्या नाकाडोळ्यांत पुढच्या गाडीचा धुरळा जातो, तो ऐन आणि सागाच्या पानांवरही साचतो. एवढ्यात चितळाचा तीक्ष्ण 'कॉल', म्हणजे हिंस्र श्वापदाची चाहूल लागताच दिलेला इशारा, ऐकू आला की वाहनचालक इंजिन बंद करतो, आणि खरे तर अरण्य समजायला सुरुवात होते ती या बंद इंजिनाच्या पाच मिनिटांतच. वाघाच्या मागे धावणाऱ्या गाड्यांना (आणि त्यांतील कॅमेऱ्यांना) ती मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात. लेखक व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले ते येथे मुक्काम करून; दोन फेऱ्यांत उरकणाऱ्या पर्यटनाला ती सवड नसते, आणि पावसाळ्यात तर गाभ्यातील वाटाच बंद होतात.