पुडीतली श्वापदं

१९७० साली गॅरी गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या लहानशा गावी, ते घरीच जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागले. खेळ मात्र सुटला नाही. तळघरातल्या वाळूच्या टेबलावर मित्रमंडळी जमायची, लढाया रंगायच्या. हळूहळू त्यांत जादूगार आणि ड्रॅगन शिरले. पण त्यांच्याशी झुंजायला जनावरं कुठून आणायची? गायगॅक्स यांनी स्वस्तातल्या दुकानातून हाँगकाँगच्या प्लास्टिकच्या खेळण्यांची पुडी आणली.

त्यातले प्राणी ओळखू येण्यासारखे नव्हतेच. एकाच्या शेपटीच्या टोकाला चक्क पंख्याची पाती. त्याचा झाला रस्ट मॉन्स्टर. मांसाचा त्याला मोह नाही, त्याची भूक लोखंडाची. मिशांचा नुसता स्पर्श झाला, की तलवार गंजून जाते, चिलखताचा भुगा होतो. ड्रॅगनपुढे छाती काढून उभा राहणारा योद्धा याला पाहून मागे सरतो, कारण जन्माची कमाई अंगावरच असते.

दुसरं खेळणं झालं आउलबेअर: धड अस्वलाचं, तोंड घुबडाचं, मिठी हाडं मोडणारी. याच लढायांतून घडलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली आला आणि पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीत हे दोघे छापून आले.

तिसऱ्या खेळण्याचं बारसं गायगॅक्स यांचे सहकारी टिम कास्क यांनी केलं. १९७६ मध्ये 'द ड्रॅगन' मासिकाच्या पहिल्याच अंकात त्यांचा ब्युलेट अवतरला. तो जमिनीखालून उसळी मारून येतो. घोडे आणि बुटके हाफलिंग आवडीनं खातो, टोकदार कानांच्या एल्फला तोंड लावत नाही. खाण्यातल्या या आवडीनिवडींमुळेच ब्युलेट जिवंत वाटतो. त्याला काय हवं हे कळलं, की खेळाडूला स्वतःचा घोडा आठवतो आणि मग खरी धडकी भरते.

१९८५ मध्ये हा खेळ काढणाऱ्या कंपनीची सूत्रं गायगॅक्स यांच्या हातून गेली. २००८ मध्ये ते वारले. त्यांची श्वापदं मात्र नव्या हातांत वाढत राहिली. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममध्ये एका गुहेत आउलबेअरची मादी पिल्लाला पाठीशी घालून उभी असते. खेळाडू लढू शकतो किंवा हळूच माघारी फिरू शकतो. ते पिल्लू वाचलं, तर पुढे खेळाडूच्या तळावर राहायला येतं आणि त्याला कुरवाळताही येतं.