हृदय मिळायलाही पात्रता लागते

'पात्रता' हा शब्द आम्हाला नवा नाही. राखीव जागेवर आलात म्हणजे तुमची पात्रता नाही, हे टोमणे खातच आमच्या दोन पिढ्या शिकल्या. पण हा शब्द एक दिवस हॉस्पिटलच्या टेबलावर येईल, असे आम्हाला वाटले नव्हते.

आमच्या अभ्यासवर्गातला एक दादा. वय ४१, कंत्राटी सफाई कामगार. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे. एकदा विहाराच्या चार पायऱ्या चढताना त्याला धाप लागली. तपासणीत कळले, हृदय फुगले आहे आणि पंपिंग १५ टक्क्यांवर आले आहे. निरोगी माणसाचे ते ५५च्या वर असते. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हृदय बदलावे लागेल, पण आधी तुम्ही त्यासाठी पात्र आहात का ते पाहू."

मग तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट, किडनी, लिव्हर, फुप्फुसातला रक्तदाब, टीबी, अगदी दातसुद्धा. दादा त्या सगळ्यांतून पार पडला. अडला तो शेवटच्या कागदावर. घरी काळजी घेणारे कोण? हॉस्पिटलपासून किती लांब राहता? घरात स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास आहे का? आयुष्यभराच्या औषधांचा खर्च कोण करणार?

दादाचे घर दहा बाय बाराचे, संडास सार्वजनिक. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. खाडा झाला की पगार कापला जातो. समितीने निर्णय पुढे ढकलला.

आम्ही संतापलो. पण संताप बाजूला ठेवून डॉक्टरांचे म्हणणे ऐकले, तर ते खोटे नव्हते. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावे लागते, म्हणून रुग्ण जवळ हवा. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, मरेपर्यंत घ्याव्या लागतात. त्या चुकल्या तर जीव जातो, आणि त्या चालू असताना साधा संसर्गही महागात पडतो. हृदये मोजकीच मिळतात. एकाला दिलेले हृदय दुसऱ्याला मिळत नाही.

म्हणजे प्रश्न बरोबर होते. मग आमची उत्तरे आधीच कोणी लिहून ठेवली? सुट्टी न देणाऱ्या कंत्राटाने, गटाराच्या कडेला वस्ती ढकलणाऱ्या शहराने, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या हातात झाडू देणाऱ्या व्यवस्थेने. त्या कागदावर जातीचा रकाना नाही. पण घर, रोजगार आणि संडास विचारला की जात न विचारताच कळते!

केपटाऊनची एक गोष्ट आठवते. २ जानेवारी १९६८ रोजी डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी दुसरे हृदय-प्रत्यारोपण केले. हृदय होते क्लाइव्ह हॉप्ट या तरुणाचे, ज्याला वर्णद्वेषी कायदा 'कलर्ड' म्हणत असे. ते बसवले फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्याला, आणि तो त्यावर दीड वर्षाहून अधिक जगला. गोऱ्यांच्या वस्तीत ज्याला घर घेता येत नव्हते, त्याचे हृदय गोऱ्याच्या छातीत मात्र चालले. शरीराला भेद ठाऊक नसतो. तो कायद्यात असतो, शहराच्या नकाशात असतो.

आम्ही काय केले? वर्गणी काढली. हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर खोली भाड्याने घेतली, स्वतंत्र संडास असलेली. बारा जणांनी पाळ्या लावल्या आणि तसे सह्यांनिशी समितीला लिहून दिले. धर्मादाय हॉस्पिटलांना गरिबांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेविका ताईंनी त्यासाठी दादाचा अर्ज भरून घेतला. तीन महिन्यांनी दादाचे नाव प्रतीक्षायादीत लागले.

याला आम्ही विजय म्हणत नाही. ज्याच्या मागे अभ्यासवर्ग नाही, त्याचे काय? त्याने छाती धरून घरीच मरायचे? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, हा विसंगतीचा संसार फार काळ चालणार नाही. ती विसंगती आम्ही त्या कागदावर पाहिली.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलजवळ गरीब रुग्णांसाठी सरकारी निवारा हवा. गोळ्या आयुष्यभर मोफत हव्यात. काळजी घेणाऱ्या माणसाला भरपगारी रजा हवी. आणि अवयव देणारे कोण, मिळणारे कोण, याचा जात-वर्गनिहाय हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. मित्रांनो, तुमच्या वस्तीत असा रुग्ण असेल तर नुसती वर्गणी काढून थांबू नका, या मागण्या घेऊन रस्त्यावर या.

दादा आता फोन उशाशी ठेवून झोपतो. परवा हसत म्हणाला, "बघा रे, आयुष्यात पहिल्यांदा पात्र ठरलो."

आम्हाला हसता आले नाही.

जय भीम!